साक्षी मोजाव्यात की तोलाव्यात?



गावात बांधावरून तंटा झाला, कुणाची कडब्याची गंजी पेटली किंवा दावणीची गाय नाहीशी झाली, की चावडीवर पहिला प्रश्न निघतो, "पाहिलं कुणी?" मग एक जण पुढे येतो, दुसरा येतो, तिसरा येतो. पहिला म्हणतो, कोंबडा आरवायच्या आधीची गोष्ट. दुसरा म्हणतो, छे, चांगले उजाडले होते. तिसऱ्याने डोळ्यांनी काहीच पाहिलेले नसते. आवाज मात्र ऐकलेला असतो. जमलेल्या मंडळींचे लगेच दोन तट पडतात आणि प्रत्येक तट म्हणतो, समोरचा खोटे बोलतो आहे. मग गाय बाजूला राहते आणि खोटारडा कोण, यावरच तंटा रंगतो.

खरे म्हणजे साक्षी जुळल्या नाहीत, एवढ्यावरून कुणी खोटे बोलले असे ठरत नाही. चार प्रामाणिक माणसे एकाच पहाटेविषयी चार वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकतात. अशा वेळी कुणाचे किती धरावे आणि कुणाचे किती सोडावे? याचा विचार आपण आज एका जुन्या, परमुलखातल्या खुनाच्या आधाराने करू. हा खून कुणी केला, ते आजपर्यंत ठरलेले नाही. म्हणून इथे एक सोय आहे. गुन्हेगार आधीच ठाऊक असला, की साक्षी त्याच्याकडे वाकवण्याचा मोह माणसाला होतो. इथे तो मोह नाही. साक्षी जशा आहेत तशाच हातात घेऊन तोलाव्या लागतात.

गोष्ट इ.स. १८८८ ची. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा व्हिक्टोरिया राणी होती. लंडनच्या पूर्व भागात व्हाइटचॅपेल आणि स्पिटलफील्ड्स या दाट, गरीब वस्त्या होत्या. हमाल, गाडीवाले, चांभारकाम करणारे, शिवणकाम करणाऱ्या बाया, परदेशांतून पोट भरायला आलेले ज्यू कामगार, अशी सगळी हातावर पोट असलेली माणसे तिथे राहत. ज्यांना भाड्याची खोली परवडत नसे ती रोजच्या रोज पैसे भरून एका रात्रीपुरती खाट घेत. त्या वर्षीच्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात या भागात पाच बायकांचे खून झाले आणि ते एकाच माणसाने केले असावेत असे सामान्यतः मानले जाते. त्या माणसाचा पत्ता लागला नाही. 'जॅक द रिपर' हे त्याचे नाव जगभर झाले, पण तेसुद्धा एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्राखालच्या सहीवरून पडले. ते पत्र खुन्याने लिहिले, हेही कधी सिद्ध झाले नाही.

यांतल्या दुसऱ्या खुनाकडे आपण पाहणार आहोत. मयत बाईचे नाव ॲनी चॅपमन. वय सत्तेचाळीसच्या आसपास. नवरा कोचमन, पण दोघे वेगळे झालेले, आणि तो १८८६ मध्ये वारला. तो असेपर्यंत हिला थोडे पैसे पाठवी. तो गेल्यावर तेही बंद झाले. क्रोशाचे विणकाम करून, फुले विकून आणि कधी नाइलाजाने रस्त्यावर उभे राहून ती दिवस काढी. प्रकृती खालावलेली होती. शनिवार, ८ सप्टेंबर १८८८ रोजी रात्री दीड-पावणेदोनच्या सुमारास ती डॉर्सेट स्ट्रीटवरच्या आपल्या नेहमीच्या निवासात होती. तिथे तिने भाजलेला बटाटा खाल्ला. पण खाटेचे पैसे जवळ नव्हते. माझी खाट दुसऱ्या कुणाला देऊ नका, एवढे सांगून ती बाहेर पडली. तिला नीट ओळखणाऱ्या माणसांनी तिला जिवंत पाहिले ते एवढेच.

सकाळी सहा वाजायच्या किंचित आधी हॅनबरी स्ट्रीटवरच्या २९ नंबरच्या घरात राहणारा जॉन डेव्हिस नावाचा गाडीवाला खाली उतरला, मागचे दार उघडले, आणि अंगणात त्याला तिचे प्रेत दिसले.

आता ही जागा नीट डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. या एका घरात सतरा माणसे राहत होती. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एक सरळ बोळ होता आणि दोन्ही दारांना कुलूप नसे. मागचे दार उघडले की दोन-तीन पायऱ्या उतरून तेरा-चौदा फुटांचे छोटेसे फरसबंद अंगण. पायऱ्यांच्या डाव्या हाताला शेजारच्या घराचे लाकडी कुंपण, साडेपाच फुटांच्या आसपास उंच. पायऱ्या आणि कुंपण यांच्यामधल्या अरुंद जागेत, घराच्या भिंतीकडे डोके अशा स्थितीत, प्रेत पडले होते. मागचे दार बाहेर उघडे आणि तेही डावीकडेच. शिवाय ते सोडले की आपोआप लागे.

मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला तिकडे कॉरोनर म्हणतात. आपल्या मुंबईतही हे पद इंग्रजांच्या काळापासून होते. ते १९९९ मध्ये बंद झाले. लंडनच्या त्या भागाचे कॉरोनर होते विन बॅक्स्टर. त्यांच्यापुढे १० सप्टेंबरला चौकशी सुरू झाली. खुनी कोण, हा प्रश्न तर होताच. पण त्याआधी एक साधा प्रश्न सोडवायचा होता. ही बाई मेली किती वाजता? या एका प्रश्नावर चार माणसांच्या जबान्या आल्या. त्या एकेक ऐका.

पहिली जबानी डॉक्टरांची. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स हे पोलिसांचे अनुभवी डॉक्टर. ते साडेसहाच्या सुमारास अंगणात पोहोचले. शरीर गार पडले होते, आत थोडी ऊब शिल्लक होती, आणि हातपाय ताठरायला नुकती सुरुवात झाली होती. त्यावरून त्यांनी सांगितले, मृत्यू होऊन निदान दोन तास झाले असावेत, बहुधा जास्तच. म्हणजे साडेचार किंवा त्याही आधी.

दुसरी जबानी जॉन रिचर्डसनची. हा बाजारात हमाली करी. त्याची आई २९ नंबरमध्ये भाड्याने राहून खोकी बनवण्याचा धंदा चालवी. पूर्वी एकदा तिथल्या तळघरातून हत्यारे चोरीला गेली होती, म्हणून बाजाराच्या दिवशी कामावर जाताना तो तळघराचे कुलूप पाहून जाई. त्या पहाटे पावणेपाच ते पाचला दहा कमी, या वेळात तो आला. मागच्या पायरीवर बसला, पाय खाली अंगणातल्या फरशीवर ठेवले, आणि बुटातले बोचणारे चामडे सुरीने कापले. प्रेत असते तर मला दिसल्याशिवाय राहिले नसते, असे त्याने ठामपणे सांगितले.

तिसरी जबानी अल्बर्ट कॅडॉश या सुताराची. तो शेजारच्या २७ नंबरमध्ये राहत होता. सव्वापाचला उठून पाच-वीसच्या सुमारास तो आपल्या अंगणात गेला. घरात परतताना त्याला "नाही" असा एक शब्द ऐकू आला. तीन-चार मिनिटांनी तो पुन्हा अंगणात आला, तेव्हा २९ नंबरच्या बाजूने कुंपणावर काहीतरी आदळल्याचा आवाज झाला. त्याने पलीकडे डोकावून पाहिले नाही. तो कामाला निघाला आणि स्पिटलफील्ड्सच्या चर्चवरून गेला, तेव्हा तिथल्या घड्याळात पाच वाजून बत्तीस मिनिटे झाली होती.

चौथी जबानी एलिझाबेथ लाँग या बाईची. ती बाजाराकडे चालली होती. दारूभट्टीच्या घड्याळाचे साडेपाचचे ठोके तिने नुकतेच ऐकले होते. २९ नंबरच्या घराजवळ, रस्त्यावर, एक पुरुष आणि एक बाई बोलत उभी होती. पुरुषाची पाठ तिच्याकडे होती. बाईचा चेहरा तिने पाहिला. त्याने काहीतरी विचारले, ती "हो" म्हणाली, एवढे कानावर पडले. पुढे काही दिवसांनी शवागारात नेल्यावर, तीच ही बाई, असे तिने सांगितले. पुरुष चाळिशी ओलांडलेला आणि परदेशी वाटला, असेही ती म्हणाली.

आता पाहा गाठ कशी पडली ती. डॉक्टर म्हणतात, साडेचारच्या आत मृत्यू. रिचर्डसन म्हणतो, पावणेपाचनंतरही अंगण रिकामे. कॅडॉशच्या म्हणण्याप्रमाणे कुंपणावर आवाज झाला तो साडेपाचच्या आत. आणि लाँगबाई म्हणतात, साडेपाचला ती जिवंत, रस्त्यावर बोलत उभी! चौघांचेही शब्दशः खरे मानले, तर ही बाई मेल्यावर एक तासाने रस्त्यावर उभी होती असे म्हणावे लागेल. म्हणजे कुणाची तरी चूक आहेच. पण कुणाची, आणि किती?

इथे घाई करणारा माणूस दोन सोप्या वाटांपैकी एक धरतो. एक वाट म्हणजे, डॉक्टर शिकलेले, बाकीचे अडाणी. तेव्हा डॉक्टरांचे खरे. दुसरी वाट म्हणजे, तिघे एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. तेव्हा तिघांचे खरे. पहिल्या वाटेत माणसाची पदवी पाहिली जाते, दुसरीत डोकी मोजली जातात. साक्ष मात्र दोन्हीकडे न तपासताच राहते. साक्ष तोलायची तर प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारले पाहिजेत. तू स्वतः पाहिलेस काय आणि ताडलेस काय? वेळ सांगतोस ती कशावरून? पहिल्यांदा काय सांगितलेस आणि नंतर त्यात काय भर पडली? आणि तू चुकला असशील, तर ती चूक कशी झाली असेल?

डॉक्टरांपासूनच सुरुवात करू. त्यांनी पाहिले काय? गारठलेले शरीर. ताडले काय? दोन तास. या दोहोंच्या मध्ये एक मोठी उडी आहे. गारठा त्यांनी हात लावून ओळखला. चुलीवरून उतरवलेले दूध किती वेळापूर्वी उतरवले, हे बोट बुडवून सांगून पाहा. भांडे पितळेचे की मातीचे, दूध शेरभर की पाच शेर, वारा होता की नव्हता, यावर सगळे उत्तर बदलते. तसेच शरीराचे. कृश, आजारी, रक्त गेलेले, उघड्यावर पडलेले शरीर लवकर गार पडते. डॉक्टर फिलिप्स प्रामाणिक होते. सकाळ गारठ्याची होती आणि रक्त फार गेले होते, तेव्हा शरीर नेहमीपेक्षा लवकर गार पडले असेल, अशी पुस्ती त्यांनी आपल्या जबानीतच जोडली होती. पोटात अन्नाचा थोडा अंश सापडला, त्यावरूनही काही जण वेळ काढू पाहतात. पण आजारी माणसाचे पचन घड्याळाप्रमाणे चालत नाही, आणि मधल्या साडेतीन तासांत तिने दुसरे काही खाल्ले नसेलच, असे कोण सांगणार? आज तर हे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. थर्मामीटरने शरीराच्या आतले तापमान मोजून गणित मांडतात. तरीसुद्धा प्रचलित पद्धतीत उत्तर अलीकडे-पलीकडे पावणेतीन तासांनी चुकू शकते, हे धरून चालावे लागते. मग नुसत्या हाताच्या स्पर्शावरून काढलेले दोन तास किती पक्के धरायचे? शास्त्राला मान द्यायचा तो त्याच्या मोजमापासाठी. जिथे मोजमाप झालेले नाही, तिथे डॉक्टरांचा अंदाज हाही अंदाजच.

आता रिचर्डसन. याचे पाहणे डोळ्यांचे आहे आणि तेही स्वतःच्या घरासारख्या जागेचे. पण याच्या जबानीला एक चीर आहे. त्याच दिवशी सकाळी, खून उघडकीस आल्यावर, इन्स्पेक्टर चँडलर यांना तो त्या घराच्या बोळात भेटला होता. तेव्हा त्याने एवढेच सांगितले होते की मी मागच्या दारापर्यंत आलो, तळघराकडे नजर टाकली आणि गेलो. पायरीवर बसल्याचा, बूट कापल्याचा उल्लेख तेव्हा नव्हता. चौकशीत तो आला, आणि सुरी दाखवायला सांगितले तर त्याने आणली ती जेवणाच्या टेबलावरची जुनी सुरी. ती पुरेशी धारदार नव्हती म्हणून पुढे बाजारात दुसरी मागून घेतली, असेही त्याने सांगितले. ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडाव्यात असेच हे आहे.

पण थांबा. आधी न सांगितलेली गोष्ट नंतर सांगितली, म्हणजे ती खोटीच, असे नव्हे. ज्या जागी सुरीने खून झाला, त्याच जागी आपण सुरी घेऊन बसलो होतो, हे पोलिसांना पहिल्याच भेटीत सांगायला कुणाची जीभ सहज वळेल? तरीही फरक मोठा आहे, आणि तो का मोठा आहे ते पाहा. तो खरोखर पायरीवर बसला असेल, तर प्रेत हाताच्या अंतरावर होते आणि न दिसणे अशक्य. तो नुसता दारात उभा राहून उजवीकडे तळघराकडे पाहून गेला असेल, तर डावीकडे उघडलेल्या त्या दाराने कुंपणाकडची जागा झाकली असू शकते. शिवाय त्या दिवशी सूर्य उगवला साडेपाचला काही मिनिटे कमी असताना. पावणेपाचला नुकतेच कुठे झुंजूमुंजू होत होते. म्हणजे रिचर्डसनची सारी साक्ष त्या एका पायरीवर उभी आहे. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बदलली नाही. ती बाई तिथे नव्हती, हे त्याने बोळातही सांगितले आणि चौकशीतही. बदलणाऱ्या जबानीत न बदललेला भाग कोणता, ते नेहमी वेगळे काढून ठेवावे.

कॅडॉशचे म्हणणे मला वाटते सर्वांत कमी बोलके आणि म्हणूनच सर्वांत सावध आहे. "नाही" हा शब्द नेमका कोणत्या बाजूने आला, ते खात्रीने सांगता येणार नाही, असे तो स्वतःच म्हणाला. कुंपणाच्या आवाजाबद्दल मात्र त्याला शंका नव्हती. मग त्याने डोकावून का पाहिले नाही? कारण पलीकडे खोकी बनवण्याचा धंदा होता, आणि अधूनमधून एखादे खोके कुंपणावर आदळे. रोजचा आवाज आला की माणूस मान वर करत नाही. साक्षीदार आपल्या सोयीची भर घालत नाही, आपल्या न पाहण्याचे साधे कारण देतो, तेव्हा त्याचे वजन वाढते. आणि त्याची वेळ? आधीच्या वेळा अंदाजाच्या आहेत, पण शेवटची चर्चच्या घड्याळाची आहे. मनगटी घड्याळ नसलेल्या त्या काळात ही मोठीच खुंटी. तरीही लक्षात ठेवा, त्याने ऐकला तो एक आवाज. तो आवाज खुनाचा होता, हे आपले ताडणे. खरोखरच एखादे खोके पडले असेल, तर कॅडॉश अक्षर न् अक्षर खरे बोलला आणि तरी त्याच्या साक्षीचा खुनाशी काही संबंध उरला नाही.

राहिल्या लाँगबाई. त्यांच्याकडे घड्याळाचे ठोके आहेत, पण ठोके मोजताना कान चुकतो. सव्वापाचचे ठोके साडेपाचचे वाटले असतील, असे पुढच्या काळात काही अभ्यासकांनी सुचवले आहे. ओळखीबाबत जास्त जपून राहिले पाहिजे. आपण त्या जोडप्याकडे विशेष लक्ष दिले नव्हते, त्या वेळी अशी माणसे तिथे नेहमीच उभी असतात, हे त्यांनी मान्य केले. वाटेने जाताना ओझरता पाहिलेला अनोळखी चेहरा, आणि काही दिवसांनी शवागारात समोर दाखवलेला एकच चेहरा. "हीच का ती?" या प्रश्नात "हो" हे उत्तर अर्धे लपलेले असते. म्हणूनच आता ओळख पटवताना पाच-सहा सारखी दिसणारी माणसे उभी करून त्यांतून निवडायला सांगतात. आणि पुरुषाचा चेहरा तर त्यांनी पाहिलाच नव्हता. 'परदेशी वाटला' हे पाठीवरून काढलेले अनुमान. ज्या वस्तीत सगळा संशय परदेशी माणसांवर आधीच फिरत होता, त्या वस्तीतले ते अनुमान होते.

आता चारही पारडी समोर ठेवू. कॅडॉश आणि लाँग यांच्यात फरक आहे तो दहा-पंधरा मिनिटांचा. कॉरोनर बॅक्स्टर यांनी २६ सप्टेंबरला समारोप करताना हेच म्हटले, की कॅडॉशचा वेळेचा अंदाज पंधरा मिनिटांनी चुकला असेल तर दोघांचे जुळते. माझ्या मते चर्चच्या घड्याळाची खुंटी असल्यामुळे कॅडॉशला पुढे ढकलण्यापेक्षा लाँगबाईंना थोडे मागे आणणे सोपे आहे. ते काहीही असो. पंधरा मिनिटांची विसंगती ही विसंगतीच नव्हे. घड्याळे न जुळणाऱ्या गावात ती असायचीच. खरे तर मिनिटाबरहुकूम जुळणाऱ्या साक्षीच ऐकल्या की आधी विचारावे, मंडळी, तुम्ही एकत्र बसून चहा घेतलात का?

मोठी विसंगती आहे ती डॉक्टर आणि हे तिघे यांच्यात. इथे तीन विरुद्ध एक असे मोजू नका. असे विचारा, की कोणता निकाल मानायला किती चुका गृहीत धराव्या लागतात? मृत्यू साडेचारच्या आत मानायचा, तर रिचर्डसनला हाताजवळचे प्रेत दिसले नाही, कॅडॉशने ऐकलेला आवाज योगायोगाचा, आणि लाँगबाईंनी भलतीच बाई ओळखली, असे तीन वेगळे प्रसंग मानावे लागतात. तीन माणसांनी, तीन ठिकाणी, तीन निराळ्या कारणांनी एकाच दिशेला चुकायचे. उलट मृत्यू सव्वापाच-साडेपाचच्या सुमाराचा मानायचा, तर एकच चूक पुरते. आणि ती कशी झाली असेल, हे ती करणाऱ्या डॉक्टरांनीच आधी सांगून ठेवले आहे. म्हणून पारडे झुकते ते पाचनंतरच्या वेळेकडे. झुकते म्हणतो, टेकते म्हणत नाही.

कारण तेच कागद वाचून दुसऱ्या एका जाणत्या माणसाने उलट मत दिले. मुख्य कचेरीतून या तपासावर देखरेख करणारे इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सन यांनी १९ ऑक्टोबरच्या अहवालात डॉक्टरांचा अंदाज धरला, आणि तसे असेल तर लाँगबाईंच्या साक्षीकडे काहीशा अविश्वासाने पाहावे लागेल, असे लिहिले. रिचर्डसनला प्रेत कसे दिसले नाही, हे समजणे कठीण आहे, हेही त्यांनी नोंदवले. त्याच्यावर संशय ठेवून पोलिसांनी त्याचे कपडे आणि घर तपासले होते. पण काही निघाले नाही.

तुम्ही म्हणाल, एका तासाच्या फरकासाठी एवढा काथ्याकूट कशाला? बाई तर गेलीच. पण त्या एका तासावर जिवंत माणसांचे भवितव्य टांगलेले होते. खून साडेपाचचा असेल, तर लाँगबाईंनी पाहिलेला माणूस शोधला पाहिजे. साडेचारच्या आतला असेल, तर त्या वर्णनाला काडीची किंमत नाही आणि त्यावरून धरलेला प्रत्येक माणूस विनाकारण धरलेला. कुणी संशयित म्हणाला, साडेपाचला मी अमक्या ठिकाणी होतो, तर ते त्याला वाचवील की नाही, हेही त्याच तासावर ठरणार.

आणि माणसे धरली जातच होती. 'लेदर ॲप्रन' म्हणजे चामड्याचा ॲप्रन घालणारा कुणी ज्यू इसम बायकांना धमकावतो, अशी अफवा वर्तमानपत्रांनी उठवली होती. त्यात २९ नंबरच्या अंगणात खरोखरच चामड्याचा एक ॲप्रन सापडला. झाले! लोक पेटले. तो ॲप्रन होता रिचर्डसनचा. त्याच्या आईने धुऊन नळाजवळ ठेवलेला. पण जॉन पायझर नावाचा, बूट शिवण्याचे काम करणारा ज्यू कारागीर त्या टोपणनावावरून १० सप्टेंबरला पकडला गेला. जमावाच्या भीतीने तो त्याआधीच घरात लपून बसला होता. खुनाच्या पहाटे हॅनबरी स्ट्रीटवर याला बाईशी भांडताना पाहिले, असे सांगणारा एक 'प्रत्यक्षदर्शी'ही पुढे आला. बारकाईने विचारल्यावर त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येत नाही, असे पोलिसांना आढळले. पायझर त्या पहाटे घरच्या माणसांत होता. आणि पहिल्या खुनाच्या रात्री, दूरच्या गोदीला लागलेल्या आगीविषयी एका पोलिसाशीच बोलत उभा होता. १२ तारखेला कॉरोनरपुढे त्याने हे सांगितले आणि तो सुटला. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात, ते होता होता राहिले. ते टळले, कारण कुणीतरी साक्ष ऐकून थांबले नाही, ती तपासली.

आपल्याकडचा कायदाही हीच शिकवण देतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या १३४ व्या कलमात म्हटले होते, की एखादी गोष्ट सिद्ध करायला अमुक इतके साक्षीदार हवेत असे बंधन नाही. म्हणजे दहा साक्षीदार उभे केले म्हणून दावा जिंकत नाही आणि एकच आहे म्हणून हरत नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. हे तत्त्व त्यातही कायम आहे. साक्षीदार एका गोष्टीत खोटा ठरला की त्याची सगळीच साक्ष फेकून द्यावी, हा नियम आपल्याकडे लागू नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सांगितले आहे. दाणे आणि फोलपटे वेगळी करण्याचे काम न्यायाधीशाचे. आपल्या घरच्या मायबहिणी ते रोज सुपाने करतात. फोलपट उडाले म्हणून त्या सूप उलटे करत नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना. वर्गात हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. तास चालू असताना एखाद्या अनोळखी माणसाने आत यावे, टेबलावरची एखादी वस्तू उचलावी, दोन शब्द बोलावेत आणि निघून जावे. अर्ध्या वर्गाने लगेच, आपसांत न बोलता, पाहिले ते लिहावे. उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी, घरी-दारी चर्चा झाल्यावर लिहावे. मग फळ्यावर चार रकाने आखा: 'पाहिले', 'ऐकले', 'ताडले', आणि 'वेळ कशावरून'. मुलांनाच वाक्ये रकान्यांत घालू द्या. टोपीचा रंग किती प्रकारचा निघतो आणि 'ताडले' हा रकाना किती लांबतो, ते पाहून मुले हसतील. पण जन्मभर विसरणार नाहीत. कुणालाही खोटारडा मात्र म्हणू देऊ नका.

आणि गावकरी मंडळींनो, तुमच्यापुढे कधी असा प्रसंग आला, तर एवढे करा. साक्षीदारांना वेगवेगळे बसवा. लवकरात लवकर, त्यांच्याच शब्दांत, सांगितलेले लिहून घ्या. "तो अमकाच होता ना?" असे विचारू नका, "काय पाहिलंस?" एवढेच विचारा. वेळ सांगितली तर, कशावरून, हे विचारा. एस.टी. गेली होती का, नळाला पाणी आले होते का, शाळेची घंटा झाली होती का? आणि ज्याचे म्हणणे तुम्हाला पटते, त्यालाही तेवढेच प्रश्न विचारा जेवढे न पटणाऱ्याला विचाराल. तपास आणि निकाल हे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम; पण तिथवर जाणारी साक्ष गावातच तयार होते, नाहीतर गावातच बिघडते.

ॲनी चॅपमन बहुधा पाचनंतर, उजेडाच्या तोंडावर मारली गेली. साक्षी तोलून आपल्याला एवढेच म्हणता येते. कुणी मारली, ते या साक्षींवरून सांगता येत नाही. या गोष्टीला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. ते घर आज उभे नाही. खुन्याची नावे सुचवणारी पुस्तके मात्र अजून निघतात. पुरावा जिथे थांबतो तिथे आपणही थांबावे, आणि पुढे "ठाऊक नाही" असे म्हणायला लाजू नये. एका रात्रीच्या खाटेचे पैसे नव्हते म्हणून बाहेर पडलेल्या त्या बाईला न्याय मिळाला नाही, हे खरेच. पण तिच्या नावावर एखाद्या निरपराध माणसाचा बळी दिल्याने तो मिळाला नसता.